'झोपू दे तिला' असं मीच म्हणाले होते – वयात आलेली मुलं आणि मेनिंजायटिस

कृष्णाकाठची
लिहू की नको असं वर्षभर चाललं होतं. गेल्या गणपतीतली गोष्ट. माझी थोरली तेव्हा १६ वर्षांची, अकरावीला, क्लाससाठी बाहेरगावी होस्टेलला. गणपतीसाठी रात्रीच्या एसटीने घरी आली.

दुपारी जेवताना म्हणाली, अंग कसकसतंय. संध्याकाळपर्यंत ताप १०२. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), तिला जे जे होत होतं त्याचं कारण आमच्या घरात तयारच होतं. ताप आला, कारण स्टँडवर भिजली. डोकं दुखतंय, कारण कोपऱ्यावरच्या मंडळाचा डीजे. उलटी झाली, कारण मोदक जास्त झाले. पोटऱ्या दुखतात, कारण आदल्या दिवशी लेझीम खेळून आली. मान आखडली, मोबाईलमुळे. हात-पाय गार पडले म्हणून मी मोजे घातले. मखराच्या माळा डोळ्यांत घुसतात, बंद कर म्हणून धाकट्यावर ओरडली, तर 'हिचं हल्ली फार वाढलंय' असं मी तिच्यासमोरच बोलून गेले. फॅमिली डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. नऊ वाजता ती झोपली आणि मी सगळ्यांना दटावलं, कुणी उठवायचं नाही, होस्टेलला पोरीला झोप कुठे मिळते.

पहाटे चारला पाणी प्यायला उठले तर आतून बडबड ऐकू आली. ती हजेरी देत होती. "येस मॅम, येस मॅम." मी हाक मारली तर मलाही येस मॅम. उचलून बसवायला गेले तर मान पुढे येईना, पाठीसकट सगळी लाकडासारखी ताठ. मोजे काढले, घोट्यांवर जांभळट ठिपके. मला वाटलं इलॅस्टिकचे वळ.

मिरजेला नेलं. कॅज्युअल्टीला माझ्या भाचीच्या वयाची डॉक्टर होती. तिने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि पेल्याची बाजू त्या ठिपक्यांवर दाबून धरली. ठिपके काचेतून तसेच दिसत होते. त्यानंतर त्या खोलीत जी पळापळ सुरू झाली ती अजून डोळ्यांसमोर आहे. दहा मिनिटांत सुईतून अँटिबायोटिक सुरू.

मुलगी वाचली. सहा दिवस आयसीयू, सतरा दिवस हॉस्पिटल. उजव्या कानाने ऐकू येत नाही. हा आजार बाळांना होतो एवढंच मला माहीत होतं. वयात आलेल्या मुलांच्या आईबापांना काय माहीत असायला हवं, ते जाणकारांनी इथे लिहावं म्हणून धागा काढला.

पोपटीमटार
वाचून पोटात गोळा आला. लेक आता बरी आहे ना? रुमाल टाकून ठेवते, दोन कॉलेजकुमार घरात आहेत.

खडीसाखर
मी बालरोगतज्ज्ञ, बावीस वर्षं प्रॅक्टिस. कृष्णाकाठची, तुम्ही लिहिलेली 'कारणं' मी रोज ओपीडीत ऐकतो आणि १०० पैकी ९९ वेळा ती खरीच असतात. म्हणूनच हा आजार अवघड.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यावर जी आवरणं असतात त्यांचा दाह म्हणजे मेनिंजायटिस. तो विषाणूंमुळे होतो (हा बहुतेकदा आपोआप बरा होतो), जिवाणूंमुळे होतो, क्षयाच्या जंतूमुळे होतो, क्वचित बुरशीमुळे. तुमच्या लेकीचं वर्णन मेनिंगोकॉकस नावाच्या जिवाणूचं आहे. हा जंतू रक्तात शिरला की रक्तवाहिन्यांना इजा होते, कातडीखाली रक्त झिरपतं, ते ते ठिपके. दाबल्यावर रक्त बाजूला सरकू शकत नाही, म्हणून काच दाबूनही ते फिके होत नाहीत. साधं पुरळ दाबलं की फिकं पडतं.

आता 'मोठ्या मुलांना कसं काय' याबद्दल. या जंतूचं घर माणसाच्या नाक-घशातच. साधारण दहातल्या एकाच्या घशात तो काही त्रास न देता राहतो, आणि हे प्रमाण सर्वांत जास्त असतं ते कॉलेजच्या वयात. कारण उघड आहे. एका खोलीत चार-सहा जण, तोंडाशी तोंड नेऊन गप्पा, सिगरेटचा धूर (दुसऱ्याने ओढलेलीसुद्धा), आणि चुंबन. हो, लिहिलं. पालकांचा धागा आहे, लाजून चालणार नाही. बहुतेकांच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार होते आणि विषय संपतो. एखाद्याच्या बाबतीत जंतू रक्तात उतरतो. जंतूशी गाठ पडल्यापासून आजार दिसेपर्यंत २ ते १० दिवस, बहुधा तीन-चार.

तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींवर बोट ठेवतो, पोटऱ्या दुखणं आणि हात-पाय गार पडणं. २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास आला होता. मेनिंगोकॉकसने आजारी पडलेल्या सोळा वर्षांपर्यंतच्या ४४८ मुलांचे पहिले तास कसे गेले ते त्यात तपासलं होतं. मान आखडणं, उजेड सहन न होणं, ठिपके ही पुस्तकातली लक्षणं साधारण १३ ते २२ तासांनी दिसली. पाय दुखणं, हात-पाय गार पडणं, कातडीचा रंग विचित्र होणं हे मात्र साधारण आठव्या तासाला. आणि पहिल्यांदा डॉक्टरांनी तपासल्यावर थेट हॉस्पिटलला पाठवलेली मुलं जेमतेम निम्मी. म्हणजे ब्रिटनमध्येही निम्म्यांना 'व्हायरल' म्हणून घरी पाठवलं होतं. तुमच्या फॅमिली डॉक्टरांवर आणि स्वतःवर फार राग धरू नका.

कृष्णाकाठची
डॉक्टर, आठवा तास वाचून थोडा वेळ मोबाईल खाली ठेवला. मी मोजे घातले ती वेळ तीच असणार.

बंडूनाना
सगळं मान्य, पण अशा धाग्यांनी घबराट पसरते हो. ताप आला की डोकं दुखतं, अंग दुखतं. आता प्रत्येक तापाला आयसीयू गाठायचा का? शिवाय आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताप आणि ठिपके म्हणजे आधी डेंग्यूच.

खडीसाखर
बंडूनाना, प्रश्न रास्त आहे. नाही, प्रत्येक तापाला धावायचं नाही. पण तापाचं औषध देऊन ताप उतरला की साधं व्हायरल असलेलं मूल तासाभरात मोबाईल मागतं, खायला मागतं. ताप उतरूनही मूल तसंच मलूल, किंवा दर तासाला आधीपेक्षा वाईट, तर मग घरी थांबायचं नाही. आणि झोपलेल्या मुलाला उठवायचं. तापात मोठं मूल एकटं खोलीत झोपलं की सकाळपर्यंत कुणी बघत नाही, लहान बाळाच्या बाबतीत असं होत नाही. रात्री दोन-तीनदा उठवा, नाव-गाव विचारा, हनुवटी छातीला टेकव म्हणा. धड उत्तर देऊन तुमच्यावर खेकसलं तर उत्तम.

डेंग्यूतही ठिपके येतात आणि तेही काचेखाली फिके होत नाहीत, बरोबर. पण ते कशाचे हे घरी ठरवायचंच नसतं. ताप आणि न फिके होणारे ठिपके दिसले की थेट हॉस्पिटल, १०८ ला फोन करा नाहीतर शेजाऱ्याची गाडी काढा. आपल्या सावळ्या कातडीवर ठिपके चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू, टाळू बघा. उलटंही सांगतो. कित्येकांना ठिपके येतच नाहीत, काहींची मानही मऊ असते. पेल्याची परीक्षा पास झाली म्हणून घरी बसू नका.

नागपुरी_बरफी
अवांतर वाटेल पण आमच्याकडे यालाच मेंदूज्वर म्हणतात ना? आमच्या बाजूला जपानी मेंदूज्वराची लस देतात. ती घेतली असली तर?

खडीसाखर
मराठीत मेंदूज्वर हा शब्द दोन्हींना वापरतात, तिथेच घोळ होतो. जपानी मेंदूज्वर हा खुद्द मेंदूचा दाह, विषाणूमुळे, डासांवाटे. तुमच्या विदर्भातलाच चांदीपुरा विषाणूही तसाच. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांत सापडला म्हणून ते नाव. तो वाळूमाशीतून पसरतो. जपानी मेंदूज्वराच्या लशीचा मेनिंगोकॉकसशी काही संबंध नाही. लहानपणी पाच आजारांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीत हिब नावाच्या जिवाणूवरची लस असते आणि आता न्यूमोकॉकसची लसही सरकारी वेळापत्रकात आहे, ते दोन्ही मेनिंजायटिसचे जंतू आहेत. मेनिंगोकॉकसची लस मात्र त्या वेळापत्रकात नाही.

तांबडीमाती
आमच्या भाच्याचं लिहितो, कारण ते एका रात्रीत झालं नाही, तीन आठवडे चाललं. वय १४. रोज दुपारून बारीक ताप, डोकं दुखतंय. चष्म्याचा नंबर तपासला. मग वाटलं परीक्षेची भीती. पोरगा अबोल झाला, जेवण कमी, मित्रांत जाईना. ताई म्हणायची, वयच आहे तसं. चौथ्या आठवड्यात एका डोळ्याची बुबुळं तिरपी झाली तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. क्षयाचा मेनिंजायटिस. मेंदूत पाणी साठलं होतं, ते पोटात उतरवायला नळी बसवावी लागली. औषधं बारा महिने, सरकारी क्षयरोग केंद्रातून फुकट मिळाली. आज पोरगा आयटीआयला आहे. पण ते तीन आठवडे परत मिळाले असते तर, असं ताई अजून म्हणते.

खडीसाखर
तांबडीमाती, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आपल्या देशात हा प्रकार विसरून चालणार नाही. जन्मल्यावर दिलेली बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, लहानपणी या आजारापासून चांगलं रक्षण करते, मोठं होईपर्यंत तिचा जोर ओसरतो. दोन आठवड्यांच्या वर डोकेदुखी, बारीक ताप आणि मुलाच्या स्वभावात बदल, एवढं जुळलं की चष्म्याच्या दुकानाऐवजी डॉक्टर. घरात किंवा वर्गात कुणाला टीबी झाला होता का, ते आपणहून सांगा.

ओलीभेळ
पाठीतलं पाणी काढतात त्याबद्दल लिहा ना कुणी. आमच्या गावात ठाम समज आहे की पाणी काढलं की माणूस कमरेखाली लुळा होतो.

कृष्णाकाठची
ओलीभेळ, आमच्याकडेही हेच झालं. सही करायची वेळ आली आणि थोरले दीर म्हणाले, पाणी काढायचं असेल तर पेशंट हलवू. पाऊण तास त्यात गेला. नशीब की अँटिबायोटिक त्याआधीच सुरू केलं होतं. शेवटी त्या डॉक्टर मुलीनेच दिरांना पाठमोरं उभं केलं आणि त्यांच्याच कमरेवर बोट ठेवून दाखवलं, मज्जारज्जू इथे वर संपतो, सुई इथे खाली जाते. दीर गप्प. पाणी आलं ते तांदळाच्या धुवणासारखं होतं. निरोगी माणसाचं नितळ असतं म्हणे.

खडीसाखर
अगदी बरोबर दाखवलं तिने. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो, सुई तिसऱ्या-चौथ्याच्या किंवा चौथ्या-पाचव्याच्या मधे जाते. नंतर दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं. माणूस लुळा पडलाच तर तो आजाराने, आणि नाव सुईचं होतं. पाण्यातल्या पेशी, साखर आणि प्रथिनं बघून जिवाणू, विषाणू की क्षय याचा अंदाज येतो, म्हणजे औषध दहा दिवस की बारा महिने हे त्या पाण्यावर ठरतं. मात्र जिवाणूची दाट शंका असेल आणि पाणी काढायला उशीर होत असेल, तर अँटिबायोटिक आधी द्यायचं. तसंच झालं तुमच्याकडे.

आकडे हवे असतील तर, जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये सहातला एक दगावतो, आणि पाचातल्या एकाला काहीतरी मोठं मागे राहतं. बहिरेपणा, फिट्स, कुणाचं बोट किंवा पाय कापावा लागणं. वाईट आकडे आहेत, पण उपचारांशिवायचे याहून कितीतरी वाईट असतात.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इथे आमच्या मुलीला ११-१२ व्या वर्षी मेनिंगोकॉकसची एसीडब्ल्यूवाय लस दिली आणि १६ ला बूस्टर. आम्ही समजलो की विषय मिटला. मग मुलगी कॉलेजला निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बी घेतली का? आम्ही म्हणालो, कोणती बी? तर मेनिंगोकॉकसचे ए, बी, सी, डब्ल्यू, वाय, एक्स असे गट असतात आणि बी ची लस वेगळी. आमच्या शेजारच्या प्रिन्स्टनमध्येच २०१३ साली विद्यार्थ्यांत बी ची साथ आली होती. तेव्हा अमेरिकेत त्या लशीला परवानगीच नव्हती, खास मंजुरी घेऊन युरोपातून मागवली आणि डिसेंबरमध्ये विद्यार्थ्यांना टोचली. तरीही पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्या विद्यापीठातली एक मुलगी गेली, तिला लागण झालेला जंतू प्रिन्स्टनचाच निघाला. परवानगी मिळाली ती २०१४ च्या अखेरीस एका लशीला आणि २०१५ च्या सुरुवातीला दुसरीला. पोरं परदेशी पाठवणाऱ्यांनी कॉलेजच्या फॉर्मवर 'मेनिंगोकॉकल' लिहिलेलं असतं तिथे नुसती टिक मारून सोडू नका, कोणता गट ते विचारा.

लेस्टरची_काकू
इकडे यूकेत नववीत, म्हणजे १३-१४ ला, शाळेतच एसीडब्ल्यूवाय देतात. २०१५ ला सुरू झालं, डब्ल्यू गटाचे रुग्ण वाढायला लागले होते म्हणून. बी ची लस त्याच वर्षीपासून बाळांना, त्यामुळे आत्ता कॉलेजात असलेल्या पिढीला ती मिळालेलीच नाही. भारतातून मास्टर्सला येणाऱ्या मुलांना मी सांगत असते, पंचविशीच्या आत असाल तर जीपीकडे (इथला फॅमिली डॉक्टर) नाव नोंदवल्या नोंदवल्या एसीडब्ल्यूवाय मागा, फुकट देतात. पोरं बँक खातं आणि सिमकार्ड आधी करतात, जीपी आजारी पडल्यावर आठवतो! फ्रेशर्सच्या, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या आठवड्यात खोकला, ताप सगळ्यांनाच असतो, वर दारूचा हँगओव्हर. त्यात हे कुणाला कळणार?

पोपटीमटार
मग भारतात राहणाऱ्या मुलांनी घ्यायची का? माझी दोघं पुण्यातच शिकतायत.

खडीसाखर
भारतात या आजाराच्या साथी आल्या आहेत. दिल्लीत १९६६, १९८५ आणि पुन्हा २००५ मध्ये, मग २००८-०९ ला मेघालय-त्रिपुरात. एरवी तुरळक रुग्ण. त्यामुळे आपल्याकडे सगळ्यांना सरसकट द्या असं म्हणत नाहीत. परदेशी शिकायला जाणारे, हजला जाणारे (सौदीत प्रमाणपत्राशिवाय व्हिसाच मिळत नाही), प्लीहा काढलेली किंवा निकामी असलेली मुलं, यात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्णही आले, आणि रोगप्रतिकारशक्तीचे काही जन्मजात दोष असलेले, यांनी घ्यावी. नागपुरी_बरफी, सिकल सेलचं विदर्भात जरूर लक्षात ठेवा. होस्टेलवरच्या धडधाकट मुलांना द्यावी का, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. माझ्या स्वतःच्या मुलाला होस्टेलला पाठवताना मी दिली. लस स्वस्त नाही हेही खरं.

मुळामुठा
लशीचा विषय निघालाच आहे तर आमच्या पुण्याचं एक सांगू द्या. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ए गटाच्या भयानक साथी यायच्या. त्यासाठी हडपसरच्या सीरममध्ये मेनआफ्रिव्हॅक तयार झाली, डोस अर्ध्या डॉलरच्याही आत. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून सुरुवात केली आणि तिथला ए गट जवळपास नाहीसाच झाला. आता त्यांचीच पाच गटांची मेनफाइव्ह आलीय. एसीडब्ल्यूवाय आणि वर एक्स. २०२४ ला पहिल्यांदा नायजेरियात दिली.

बंडूनाना
पुणेकरांना कुठल्याही धाग्यात पुणं आणता येतं याबद्दल दंडवत. पण माहिती चांगली आहे, मला नव्हती. आणि बी गट यातही नाहीच की!

ओलीभेळ
घरातल्या बाकीच्यांचं काय केलं? धाकट्याला झालं नाही ना?

कृष्णाकाठची
नाही. त्याच दिवशी घरच्या आम्हा सगळ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिनची एकेक गोळी डॉक्टरांसमोर गिळायला लावली. धाकट्याला वयामुळे रिफॅम्पिसिन दिलं, दोन दिवस. लघवी नारिंगी होते हे आधी सांगितलं होतं तरी पठ्ठ्या बाथरूममधून ओरडत आला. होस्टेलला मीच फोन केला. तिच्या खोलीतल्या तिघींना गोळ्या मिळेपर्यंत मला चैन नव्हतं. होस्टेलवाल्यांचा पहिला प्रश्न होता, "हे बाहेर सांगणार नाही ना?" त्यांचं नाव लिहीत नाही. त्या तिघींच्या आयांना मग मीच एकेक करून फोन केले.

दीर आरतीला जमलेल्या सगळ्या गल्लीला गोळ्या द्यायला निघाले होते. त्याची गरज नाही, एका घरातले, एका खोलीतले, एवढ्यांनाच, असं डॉक्टर म्हणाले.

पोपटीमटार
आणि लेक? सुरुवातीला विचारलं होतं, तुम्ही टाळलंत. नसेल सांगायचं तर राहू दे.

कृष्णाकाठची
टाळलं नाही गं, बाकीच्या प्रश्नांत राहून गेलं. घरी आल्यावर कुणीही बघून म्हणालं असतं, बरी झाली. तिला मात्र दोन जिने चढले की बसावं लागायचं. वाचलेलं लक्षात राहायचं नाही, मग वह्या फेकायची. हे महिनोन्‌महिने चालतं हे आम्हाला डिस्चार्जच्या वेळी कुणी नीट सांगितलं नव्हतं, आम्ही उगाच तिला 'आता अभ्यासाला लाग' करत राहिलो. एक वर्ष गॅप घेतली. कान तपासायचं मात्र हॉस्पिटलनेच बजावलं होतं, चार आठवड्यांच्या आत. तेव्हाच उजव्याचं कळलं. तिला स्वतःला कळलं नव्हतं, फोन नेहमी डाव्या कानालाच लावायची.

आता बरी आहे. वर्गात उजव्या कोपऱ्यात बसते म्हणजे सगळा वर्ग डाव्या कानाला येतो. यंदा गणपतीत डीजे लागला तर डावा कान उशीत घालून खुशाल झोपली.

गेल्या आठवड्यात तिला साधा सर्दी-ताप होता. मी दोन वाजता उठवलं, विचारलं, आज वार कोणता? डोळे न उघडता म्हणाली, "आई, बारानंतरचा सांगू की आधीचा?"

खडीसाखर
हनुवटी टेकली का?

कृष्णाकाठची
टेकली. मग चारला परत उठवलं तेव्हा उशी फेकून मारली.